चौथीची वही

आमच्या शाळेत या आठवड्यात काय शिकवणं चाललंय, हे मला विचारण्यापेक्षा मावशीला विचारलेलं बरं, असं अख्ख्या वाडीचं मत होतं. आणि ते चुकीचं नव्हतं. मी शिकवणारी, पण माझं पाठांचं टाचण कायम दोन आठवडे मागे. मावशी खिचडी शिजवणारी, पण चारही इयत्तांची खबर तिला तोंडपाठ. "पयलीला उकार चाललाय. दुसरीला आठाचा पाढा, पन आठ सकला समदी आडत्यात. तिसरीला हातच्याची वजाबाकी आन् चौथीला नकाशा." हे सगळं ती बुधवारी सांगायची. सोमवार-मंगळवारी पोरं नुसती अंगानं शाळेत असतात, असं तिचं म्हणणं. एवढं सगळं माहीत असलेल्या मावशीला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

शाळा म्हणजे उर्से गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाडीतली दोन खोल्यांची इमारत. व्हरांड्यात उभं राहिलं की खाली एक्स्प्रेस वे दिसायचा, टोलनाक्याला लागलेल्या गाड्यांच्या रांगा दिसायच्या. शिक्षक दोन. मोठे गुरुजी मुख्याध्यापक असल्यामुळे एक तर मीटिंगला नाही तर ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले. त्यामुळे बहुतेक दिवस चारही वर्ग माझ्या गळ्यात. मी तुंगार्लीहून येत असे. तळेगावपर्यंत लोकल गाडी, पुढे स्टेशनवर ठेवलेली स्कूटी. माझ्या वर्गाच्या भिंतीला लागूनच पत्र्याची स्वयंपाकाची शेड होती आणि मध्ये एक जाळीची खिडकी. त्या जाळीतून आमटीचा वास आत यायचा आणि माझा आवाज बाहेर जायचा. फोडणी तडतडायला लागली की मी मुलांसाठी थोडी थांबत असे. मी थांबले नाही तर मावशी शेडमधून ओरडायची, "बाई, मागचं पुना सांगा, ऱ्हायलं माझं."

दुपारी मूल ताट घेऊन पुढे आलं की मावशी आधी प्रश्न टाकायची. "आठ सक?" पोर म्हणायचं, अठ्ठेचाळीस. मग पळी खाली यायची. एकदा मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, मावशी, हा सरकारी आहार आहे, त्याला अशी अट घालता येत नाही. ती म्हणाली, "आट कुटं घातली? चुकलं म्हून कुनाला उपाशी ठिवलंय का म्या? बरूबर आलं तर बटाटा मोटा देते, येवढंच." त्या बटाट्यासाठी आमच्या शाळेत पाढे पाठ झाले. माझी एकही युक्ती तेवढी चालली नाही.

पालकसभा मी महिन्यातून एकदा घेई आणि तिला चार बाया येत. मावशीची पालकसभा रोज सकाळी नळावर भरायची. "तुजं पोरगं 'क्ष' उलटा काडतंय बग. म्हंजे काय ते मला ठावं न्हाई, पन बाई दोनदा म्हनल्या." ती आई घरी जाऊन पोराला बरोबर क्ष बद्दल विचारायची आणि दुसऱ्या दिवशी पोर क्ष सुलटा काढायचं. खालच्या रस्त्यावर इंग्रजी शाळेची पिवळी बस येऊन थांबायला लागली होती. वाडीतली निम्मी पोरं तिनं नेली. उरलेल्या निम्म्या पोरांच्या आयांना आमच्या शाळेचा धीर होता तो मावशीमुळे, हे मी आज कबूल करते.

एकदा केंद्रप्रमुख न सांगता आले. टाचण मागितलं. ते कोरं. साहेबांनी वही मिटली आणि शांतपणे विचारलं, "या आठवड्यात तिसरीला काय चाललंय, ते तरी सांगा." मी तिसरीच्या मुलांच्या पाट्यांकडे पाहिलं. तेवढ्यात जाळीतून आवाज आला, "हातच्याची वजाबाकी, सायेब. दशकाकडनं येक घ्यायचा आन् एककाला द्यायचा. काल आर्ध्या पोरांनी घेतला, पन द्यायचं इसरली." साहेब खो खो हसले आणि शेरेबुकात 'अध्यापन परिणामकारक' असं लिहून गेले. तो शेरा माझ्या नावावर आहे.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये, शाळा सुटल्यावर मावशी वर्गात आली आणि पदराला हात पुसत उभी राहिली. "बाई, मला वाचाय शिकवा." मला वाटलं, सहीपुरतं हवं असेल. तसं म्हणाले तर तिला राग आला. "सही कशाला? आंगठा काय वंगाळ हाय? वाचाय शिकवा." मग तिने काखेतली दुधाची पिशवी काढली. धुऊन वाळवलेली, दोऱ्याने बांधलेली. त्यात एक वही होती. कडा पिवळ्या पडलेली, वर निळ्या शाईत 'इयत्ता चौथी' आणि खाली 'सुमन'.

सुमन म्हणजे मावशीची धाकटी मुलगी, सुमी. याच शाळेत होती. चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि तळेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. मला हे कुणीतरी आल्या आल्या सांगितलं होतं, पण मावशीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी सवयीने हात पुढे केला. म्हटलं, आणा, मी वाचून दाखवते. तिने वही चटकन मागे घेतली.

"तिच्या भावानंबी दोनदा म्हनलं, वाचू का. न्हाई म्हनलं त्याला. दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलं तर ती दुसऱ्याचीच वाटंल वो. मीच वाचीन. तुमी नुस्ती अक्षरं द्या."

त्या वर्षी पहिलीत तीन मुलं होती. मावशी चौथी. भात शेगडीवर चढवला की ती येऊन बस्करपट्टीच्या टोकाला बसायची आणि पाटीवर मान खाली घालून गिरवायची. तिचा एक नियम होता, पहिलीच्या पोरांच्या पुढे जायचं नाही. "आठवड्याला त्येंचं जेवडं व्हईल, तेवडंच माझं. पोरांस्नी वाटाय नगं, मावशी म्होरं पळतीया." तिची सगळी विद्या कानाची, त्यामुळे शिकवायला सोपी जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. बाणाच्या 'ण'शी गाडी अडली.

"ह्यो न आन् त्यो न. दोगांत फरक काय?"

"उच्चार वेगळा आहे, मावशी. हा ण. म्हणा, पाणी."

"पानी."

"पाणी."

"त्येच म्हंते की मी. पानी."

पहिलीची तिन्ही मुलं मावशीच्या बाजूला. त्यांच्याही घरी पानीच होतं. शेवटी ती म्हणाली, "ज्ये ऐकाय येत न्हाई, त्ये लिवायचं कशाला?" मी म्हटलं, पुस्तकात तसं आहे म्हणून. तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं आणि मुकाट्याने दहा वेळा ण काढला.

जानेवारीत पत्र आलं. पुढच्या जूनला पहिलीत एकही नाव नव्हतं. पट आणखी घसरणार होता, म्हणून शाळा खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत विलीन करायची, मुलांना गाडीने न्यायचं, असं ठरलं. मी आणि गुरुजी दुसरीकडे जाणार होतो. मावशीचं काम तर जाणारच होतं. मी तिला हे कसं सांगावं या विचारात दोन दिवस काढले. सांगितलं तेव्हा ती कामाबद्दल एक शब्द बोलली नाही.

"म्हंजे जूनपासनं पयली न्हाईच?"

"नाही, मावशी."

"मंग माझं जोडाक्षर कवा व्हायचं?"

वहीत जोडाक्षरं असणार हे तिला ठाऊक होतं. चौथीला काय काय असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या दिवसापासून तिने स्वतःचा नियम मोडला. शाळा सुटल्यावर अर्धा तास मी थांबायचे आणि ती पहिलीच्या मुलांना मागे टाकून पुढे जायची. एप्रिलअखेर शाळेला कुलूप लागणार होतं, त्याच्या आत तिला तिच्या मुलीच्या वहीपर्यंत पोचायचं होतं. कधी कधी माझी गाडी चुकायची. मी घरी चिडचिड करायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचे.

मार्चमधल्या एका दुपारी ती मला म्हणाली, "आज उगडते." मुलं जेवून मैदानात गेली होती. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिने दोरा सोडला. पहिली पानं गणिताची होती, ती तिने नुसती हाताने चाचपली. मग निबंधाचं पान आलं. मी तिच्या शेजारी बसले होते, पण वहीत बघायचं नाही असं ठरवून समोरच्या डोंगराकडे पाहत होते.

"मा... झी. आ... ई." ती थांबली. "बाई, माझ्यावर लिवलंय." पुढे बोट ठेवत ती अक्षर अक्षर जोडत गेली. "माझ्या... आईचे... नाव... ह... व... सा... आहे." तिचं नाव हौसा. वाडीत लहानथोर सगळे मावशीच म्हणायचे; मलाही ते नाव फक्त मानधनाच्या यादीवरून माहीत होतं. मग पुढे, "ती पहाटे लवकर उठते. ती खूप प्रेमळ आहे. ती मला रोज गोष्ट वाचून दाखवते."

'वाचून' हा शब्द तिने तीनदा वाचला.

मी दुसऱ्या वाक्यालाच गार पडले होते. कारण तासाभरापूर्वी हीच वाक्यं मी माझ्या हाताने आत चौथीच्या फळ्यावर लिहिली होती. त्या आठवड्यात चौथीला 'माझी आई' चाललं होतं. हा निबंध आमच्यात पिढ्यान् पिढ्या एकच आहे. माझ्या बाईंनी मला घातला, मी मुलांना घातला, सुमीच्या गुरुजींनी सुमीला घातला. नावाच्या जागी एक रेघ, बाकी सगळं तयार. आणि निबंध ही एकच गोष्ट अशी की जी आवाज न करता शिकवली जाते. बाईंनी फळ्यावर लिहायचं, मुलांनी गुपचूप उतरवून घ्यायचं. पाढे, कविता, नकाशा, सगळं जाळीतून मावशीपर्यंत पोचलं. निबंध तेवढा तिच्या कानावर कधी आलाच नाही.

मी उठून आत गेले आणि फळा पुसून टाकला. डस्टर शोधायला धीर नव्हता, पदरानेच पुसला. पाणी प्यायला आलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या दोन ओळी ऱ्हायल्यात की!" मी म्हटलं, राहू देत.

बाहेर आले तेव्हा मावशी वहीला दोरा बांधत होती. "पोरीनं खोटं लिवलं, बाई," ती म्हणाली. "तिला वाचून दाखवनारी आई पायजे व्हती. बोलली न्हाई कंदी. माझी लाज वाटत आसंल."

एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, हे तिचं नाही, फळ्यावरचं आहे, सगळीच मुलं असं लिहितात. तिची बोच तिथल्या तिथे गेली असती. पण मग त्या पानावर सुमीचं काय उरलं असतं? एवढं वर्षभर गिरवून मावशी पोचली ती एका फळ्यापाशी, असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? मी गप्प बसले. ते बरोबर केलं की भित्रेपणा केला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली, भात चढवला आणि मला म्हणाली, "गोष्टीचं पुस्तक हाय का वो येखादं? मोट्या अक्षराचं?" पेटीतलं एक पुस्तक दिलं. "रोज वाचून दाखवते म्हून लिवलंय तिनं. तर आता रोज वाचीन म्हंते. पोर खोटारडी ठराय नगं." पुढे एकदा तिचा मुलगा रस्त्यात भेटला. तो परंदवडीकडच्या एका कंपनीत कामाला होता. म्हणाला, "बाई, आई सांजचं चुलीपाशी एकलीच मोट्यानं वाचत बसती. आमी काय बोलत न्हाई."

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी आम्ही सामान मोजून दिलं. पातेली, पळ्या, ताटं, शेगडी. रजिस्टरवर मावशीची सही हवी होती. गुरुजींनी सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. तिने तो बाजूला केला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, 'हवसा'. मी बाईच ना. मला राहवलं नाही.

"मावशी, चुकलं. हौसा. ह ला काना आणि वर दोन मात्रा."

"ठावं हाय मला."

गुरुजी कुलपं बघायला गेले. मग ती हळूच म्हणाली, "बाई, त्या दिसी तुमी फळा उगंच पुसला. चौथीच्या पोरांनी तवर जवळजवळ समदं उतरवून घेतलं व्हतं. म्होरल्या आठवड्यात नळावर समद्या आया वह्या घिऊन आल्या, मावशी, वाचून दाव. वाचाय येतं ना आता. पाच पोरं, पाच आया. पाचीजनी प्रेमळ, पाचीजनी गोष्टी वाचत्यात. कमळीला तर वही उलटी का सुलटी त्ये कळत न्हाई, तीबी वाचती!" ती हसली. मला हसू आलं नाही. मी मान खाली घातली.

"घरी जाऊन म्या वही परत काडली," ती म्हणाली. "समदं त्येच. बरूबर, सुद्द, येक काना हिकडचा तिकडं न्हाई. येकच शब्द चुकलाय, माझं नाव. कमळीच्या पोराला इचारलं, तर म्हनला, फळ्यावर तितं रेघ आसती, ज्येनं त्येनं आपल्या आईचं नाव घालायचं. त्ये काय फळ्यावर व्हतं व्हय? त्ये तिनं कानानं लिवलं. आमची म्हातारी हाक मारायची तसं, हवसा. गुरुजीनं खाली बरूबरची लाल खून केली, पन त्येलाबी दिसलं न्हाई. बरं झालं दिसलं न्हाई, न्हाईतर सुदारून घेतलं आसतं." तिने रजिस्टरवरचं नाव बोटाने पुसटसं चाचपलं. शाई अजून ओली होती. "तेवढा येक शब्द तिचा हाय, बाई. मी तसंच लिवनार."

मग तिने चपला घातल्या आणि ती उतारावरून वाडीकडे गेली.

मावशी पुढे तीन वर्षं होती. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा तिसरा दिवसही होऊन गेला होता, मला जाता आलं नाही. मी आता एका मोठ्या शाळेत चौथीला आहे. या आठवड्यात आमच्याकडे 'माझी आई' चालू आहे. मी फळ्यावर एवढे दोनच शब्द लिहिते आणि खुर्चीत बसून राहते. सोमवारी मुलं खूप चुळबुळली. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पुढचं लिहा ना." मी म्हटलं, "तुझी आई फळ्याला माहीत नाही, बाळा. तुला माहीत आहे." तिने अख्ख्या तासात एकच ओळ लिहिली, 'माझी आई भांडी घासताना एकटीच बोलते.' त्यात दोन चुका होत्या. मी लाल पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

वही शेजारच्या वर्गाच्या बाईंनी पाहिली. त्यांना ते पटलं नाही. परीक्षेत याला गुण कसे मिळणार, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही खरं आहे. पण मला मावशी आठवली आणि रडू आलं, वर्गात, मुलांसमोर. एवढी वर्षं तिने आमची शाळा कानांत साठवली. म्हातारपणी अक्षरं गिरवून ती आपल्या मुलीच्या वहीपर्यंत पोचली, आणि तिथे तिच्या वाट्याला सुमीचा एकच शब्द आला. बाकीची सगळी जागा आम्ही मास्तरांनी भरून ठेवली होती.